सिंकजवळचा कोबा

स्वयंपाकघरातल्या जुन्या टाईल्स उपटून दोन दिवस झाले होते आणि घरात कुणाचंच कुणाशी धड बोलणं होत नव्हतं. शेगडी व्हरांड्यात, भांडी न्हाणीघरात, जेवणाची ताटं बाहेरच्या खोलीत पलंगावर. भांडायला निमित्तं हवी तेवढी होती, पण उसंत कुणालाच नव्हती. उद्या संध्याकाळी सासूबाई हॉस्पिटलमधून सुटणार होत्या. पडून अठरा दिवस झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर, आणि डॉक्टरांनी एकच गोष्ट चार वेळा बजावलेली. पुन्हा पडता कामा नये.

पडल्या होत्या त्या याच खोलीत. सिंकसमोरची टाईल पायाखाली हलली, तिचा कोपरा वर आला, त्याला अंगठा अडला आणि बाई आडव्या झाल्या. आता हे दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर गोष्ट वेगळी. या घरातली तीन माणसं फरशीच्या धंद्यातली. सासरे चाळीस वर्षं मिस्त्री, थोरला मुलगा त्यांच्या हाताखाली तयार झालेला, धाकट्याचं टाईल्सचं दुकान. सासऱ्यांना तर सगळे 'कानवाले मिस्त्री' म्हणायचे. टाईल लावण्याआधी खालचा सिमेंटचा कोबा ते लाकडी हातोडीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठोकून बघायचे. जमीन भरीव असेल तर एक आवाज, पोकळ असेल तर दुसरा. त्यांनी 'पक्कं आहे' म्हणून चौकटीवर खडूनं खूण केल्याशिवाय कामावर एक टाईल लागायची नाही. अशा माणसाच्या बायकोच्या पायाखालची टाईल निघाली. शेजारपाजारचे तोंडावर काही बोलले नाहीत एवढंच.

नणंद मात्र तोंडावर बोलली. "उद्यापर्यंत जमीन धड झाली तर ठीक. नाही झाली तर आईला मी माझ्याकडे घेऊन जाते," असं तिनं फोनवर दोन्ही भावांना सांगून टाकलं होतं. तिचं घर चार तासांवर. एकदा आई तिच्याकडे गेली की तिथलीच होऊन राहणार, ही भीती घरातल्या प्रत्येकाला होती. सासऱ्यांनी तर ते कळल्यापासून जेवणाला हात लावून नुसतं ताट पुढे सारायला सुरुवात केली होती.

आणि थोरल्या सुनेला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

त्या दिवशी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आतून धप् असा आवाज आला, मागोमाग सासूबाईंचं कण्हणं. ती धावत आत गेली तर सासूबाई सिंकखाली पडलेल्या, आणि सहा-सात फुटांवर आपल्या खुर्चीत सासरे, त्यांच्याकडे पाठ करून, हातात पेपर. "आलो, आलो," असं ते शांतपणे म्हणत होते. म्हणत होते आणि पान उलटत होते. बाई जमिनीवर तळमळतेय आणि माणूस बातम्या वाचतोय. थोरलीनं खांद्याला हात लावला तेव्हा कुठे ते वळले, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की तिला एका क्षणात कळलं, या माणसाला काहीच ऐकू आलेलं नाही. ना पडल्याचं, ना कण्हल्याचं.

म्हणजे कान गेला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच. पण मग ते 'आलो, आलो' कुणाला म्हणत होते, हे कोडं तिला अठरा दिवस सुटलं नव्हतं. मनात तिनं त्यांना बोल लावला होता, खोटंच 'आलो' कशाला म्हणायचं. आणि सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

आज दहा वाजता तेच सासरे हा कोबा ठोकून बघणार होते.

सकाळी सगळे उठायच्या आत ती एकटी हातोडी घेऊन बसली. कान तिलाही होता. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षात ती कामावर जेवणाचा डबा घेऊन जायची, तेव्हा सासऱ्यांनीच तिला बाजूला बसवून शिकवलं होतं. मुलांना तेवढा धीर नाही म्हणायचे. दारापासून सुरुवात केली. ठक्, ठक्, ठक्. जमीन दगडासारखी. शेगडीच्या ओट्यापाशी तसंच. सिंकसमोर आली आणि आवाज बदलला. ढब्. तिनं पुन्हा ठोकलं. ढब्. सिंकपासून थेट सासऱ्यांच्या खुर्चीच्या जागेपर्यंत खाली काही नव्हतं. इथंच उभ्या राहून सासूबाई भांडी विसळायच्या. मधूनच टाच आपटायच्या, दोनदा. "पायाला मुंग्या येतात गं," म्हणायच्या. त्या जागेवर आता वॉकर येणार होता.

ठोकताना तिला आणखी एक दिसलं. कोबा घासल्यावर उरलेली बारीक धूळ दारापाशी नुसती पडून होती. सिंकपाशी मात्र प्रत्येक ठोक्याला उडत होती.

धाकटा उठून आला तसा तिनं त्याला चहा दिला आणि हळूच विषय काढला.

"अरे, सिंकपाशी जरा बघशील का? मला आवाज बरा वाटत नाही."

"वहिनी, मी काल लेझर लावून बघितलंय. लेव्हल दोन मिलिमीटरच्या आत आहे. आरशासारखी जमीन आहे."

"लेव्हल वरची कळते रे. खालचं काय?"

"खालचं बाबा सांगतील की दहा वाजता." त्यानं कप खाली ठेवला. "आणि हे बघ, आता नवीन काही काढू नकोस. ताईनं आईची खोली तयार करून ठेवलीय तिकडे. पडदेसुद्धा बदललेत. तुला पाहिजे का तसं?"

हा धाकटा म्हणजे एरवी बापाच्या प्रत्येक शब्दाला आडवा जाणारा. हातोडी ठोकत बसण्याचे दिवस गेले, मशीन घ्या, हे पालुपद त्याचंच. आज तोही बाबांच्या बाजूला. थोरलीनं मग नवऱ्याला गाठलं. तो व्हरांड्यात टाईलच्या गोंदाची पोती मोजत होता.

"बाबांना ऐकू येत नाही," तिनं सरळच सांगितलं.

"कमी येतं. वय झालं."

"कमी नाही. येत नाही. आणि सिंकपाशी खाली पोकळ आहे, मी सकाळी ठोकून बघितलंय."

त्यानं मोजणी थांबवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माणसांचं बोलणं वेगळं आणि कोबा वेगळा. कोबा त्यांना हाडात कळतो. त्यांच्यानंतर तू पुन्हा ठोकून बघणार? त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर?" आणि जाता जाता, "आईला इथं यायचंय. रोज विचारतेय ती मला, झालं का रे म्हणून. मी काय सांगू तिला?"

तिलाही सासूबाई घरीच हव्या होत्या. पण घरी आणून पुन्हा पाडायला नको होत्या.

दहाला पाच कमी असताना नेहमीची तयारी झाली. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून पलंगावर उशीखाली. फोन व्हरांड्यात. घरातलं काम असलं म्हणून रीत बदलत नव्हती. सासरे अनवाणी आले, पाट घेतला, दाराच्या कोपऱ्यात बसले. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात खडू. दोन्ही मुलगे भिंतीला टेकून उभे. थोरली चौकटीत.

ठक्. पाट सरकला. ठक्. कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. सासऱ्यांनी डोळे मिटले होते, मान किंचित तिरकी, सगळं कसं पूर्वीसारखं. बघणाऱ्याला वाटावं, काहीच बिघडलेलं नाही. ओटा झाला, मधली जागा झाली. पाट सिंकपाशी आला.

ढब्.

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान वळवून खिडकीबाहेर नजर लावली. तिनं धाकट्याकडे बघितलं. तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे ऐकलं होतं. दोघांनीही.

ढब्. ढब्. सासऱ्यांचा हात थांबला नाही. खुर्चीच्या जागेपर्यंत जाऊन ते भिंतीला टेकले, डोळे उघडले.

"पक्कं आहे," ते म्हणाले. "गोंद कालवायला घ्या."

कुणी हललं नाही. सासरे गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि खूण करायला चौकटीकडे आले. चौकटीत थोरली उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"सरक पोरी."

"बाबा, खूण नका करू."

त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "काय?"

"अगं, काय चाललंय तुझं?" नवरा मागून म्हणाला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं सकाळीच दारामागं आणून ठेवलेली वाटी उचलली. वाटीत चाळलेली कोरडी वाळू होती. ती खाली बसली, चिमूटभर वाळू दारापाशी पसरली, चिमूटभर सिंकसमोर.

"बाबा, इथं एकदा ठोका," तिनं त्यांच्या तोंडाकडे बघत सावकाश सांगितलं. "माझ्यासाठी."

"ठोकलंय की मघाशी."

"पुन्हा. तुम्हीच शिकवलंय, शंका आली की पुन्हा ठोकायचं."

चिडलेले दिसत होते, पण बसले. दारापाशी ठोका दिला. वाळू होती तशीच राहिली. मग सिंकपाशी सरकले आणि ठोका दिला. वाळूचे कण उडाले आणि इकडेतिकडे विखुरले.

सासरे बघत राहिले. पुन्हा ठोकलं, पुन्हा कण उडाले. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि तळवा जमिनीवर टेकवला, दुसऱ्या हाताच्या मुठीनं शेजारी ठोकलं. मग ते वाकले आणि कान जमिनीला लावला, आणि तसेच ठोकत राहिले, एकदा, दोनदा, चारदा. म्हाताऱ्या माणसाला असं जमिनीवर कान लावून बसलेलं बघणं थोरलीला सहन होईना. तिला वाटलं, आपण फार वाईट केलं.

ते उठून बसले तेव्हा गालाला सिमेंट लागलं होतं.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?" त्यांनी मुलांना विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी विचारतोय."

"आलं होतं, बाबा," धाकटा म्हणाला.

"आणि तुला?"

थोरल्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"आई घरी यायला पाहिजे होती," थोरला म्हणाला.

"आणि याच्यावरच उभी राहिली असती," सासरे म्हणाले. मग, कुणालाच उद्देशून नाही असं, "म्हणजे मागच्या वेळी टाईल्स लावल्या तेव्हाही हे असंच होतं. मी पक्कं म्हणालो होतो."

छिन्नी त्यांनी स्वतःच मागून घेतली. तिसऱ्या घावाला कोबा फुटला आणि छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. खाली वीतभर मोकळी जागा. सिंकचा पाईप केव्हापासून झिरपत होता कोण जाणे, भराव ओला होऊन खचला होता आणि कोबा वरच्या वर अधांतरी राहिला होता. धाकट्यानं आत हात घालून चिखल काढून दाखवला. आता पर्याय नव्हता. सगळा भाग फोडायचा, पाईप बदलायचा, जमीन वाळू द्यायची, खडी घालून थरावर थर धुमसून घट्ट करून घ्यायचे, वर काँक्रीट, त्यावर आठवडाभर पाणी. घाईगडबड नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस.

"ताईला फोन करतो," धाकटा म्हणाला. "खूश होईल."

"थांब," सासरे म्हणाले. "मी जाऊन सांगणार. तुमच्या आईला मी सांगणार." आणि थोरलीकडे वळून, "तू चल माझ्याबरोबर. तिथं कोण काय बोलतंय ते मला सांगायला कुणीतरी पाहिजे."

एवढं त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

चार वाजता भेटायची वेळ. वॉर्डात दोन्ही बाजूंना सहा-सहा खाटा, सासूबाईंची खिडकीजवळची. नणंद तिथं होतीच. भावांचं काही खरं नाही हे धरूनच ती आईचे कपडे बॅगेत भरत होती. सासरे स्टुलावर बसले आणि काही प्रस्तावना न करता म्हणाले, "तुला मी पाडलं."

कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसंच, मोठ्यानं. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"हळू," सासूबाई म्हणाल्या.

"खाली पोकळ होतं. मला ऐकू आलं नाही. आजही आलं नाही. हिनं दाखवलं, वाळू टाकून." त्यांनी थोरलीकडे बोट केलं. "मला काही ऐकू येत नाही गं."

सासूबाईंनी थोरलीकडे बघितलं. "कुणाकुणाला कळलं?"

"सगळ्यांना, आई," थोरली म्हणाली.

रागावतील, रडतील, काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. सासूबाईंनी नुसती उशीवर मान टाकली. डोक्यावर धरलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे आई, तुला माहीत होतं?" नणंद हातातला गाऊन तसाच धरून म्हणाली.

"माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? यांचा सगळा धंदा या कानावर. पोरांना कळलं की बाहेर कळायला किती वेळ लागतो? हाक मारायची तर ओरडावं लागलं असतं. मग मी टाच आपटायची. सिंकपाशी आपटली की जमीन हलायची, यांच्या खुर्चीला कळायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, मुंग्या आल्या." नवऱ्याला दिसावं म्हणून त्या त्याच्याकडे तोंड करून हळूहळू बोलायला लागल्या. "दोन वर्षं एकाच टाईलवर आपटतेय मी. ती निघणार नाही तर काय होईल? तुम्ही कसले पाडताय मला. माझी मीच पडले."

"नाही," सासरे म्हणाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या दिवशी धप् झालं ते मला कळलं होतं. खुर्ची हलली. मला वाटलं, तू बोलावतेयस. आलो म्हणालो. आलो, आलो म्हणालो आणि पान संपवत बसलो."

थोरलीनं खाटेचा दांडा धरला. अठरा दिवस या माणसाला तिनं मनातल्या मनात किती आणि काय काय ऐकवलं होतं. तिला त्यांच्या गालाला अजून लागलेलं सिमेंट पुसून द्यावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

नणंदेनं गाऊनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "बाबा, तुम्हीही चला माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. थोरलीनं त्यांना ते ओठ हलवून सांगितलं.

"आणि कोब्याला पाणी कोण मारणार? ही दोघं? त्यांना आवाज ऐकूनसुद्धा बोलता येत नाही."

सासूबाई हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "मी येते पंधरा दिवस," त्या मुलीला म्हणाल्या. "सोळाव्या दिवशी आणून सोडायचं. पडदे बदललेस म्हणून ठेवून घ्यायचं नाही."

"सोडते," नणंद म्हणाली. यावर वाद घालायचं तिचं अवसानच गेलं होतं.

सगळं ठरलं असं वाटत असतानाच सासऱ्यांचा चेहरा पुन्हा उतरला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, थोरलीनं खूण केली तसे ते उठले, पण पाय निघेना.

"खाली खडी भरून धुमसून घेणार आम्ही," ते म्हणाले. "हत्ती नाचला तरी हलायचं नाही. पण मग तू टाच आपटलीस तर मला कळणार कसं?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. सासरे हळूहळू दाराकडे चालायला लागले. दोन्ही बाजूंच्या खाटांमधून, पाठमोरे, किंचित पाय ओढत. थोरली त्यांच्या मागं निघाली.

"अहो," सासूबाईंनी हाक मारली.

ते चालतच राहिले. थोरली त्यांच्या बाहीला हात लावणार होती.

"थांब, तू नको सांगू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कोपरांवर जोर देऊन अंग थोडं वर उचललं. घरात त्यांचा आवाज कधी चढलेला थोरलीनं ऐकला नव्हता, ना मुलांवर, ना सुनेवर. आणि मग त्यांनी अशी हाक मारली की पलीकडच्या टोकाच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि नर्स खोलीतून बाहेर आली.

"अहो."

सासरे वळले.

"आलो, आलो," ते म्हणाले, आणि परत येऊन स्टुलावर बसले.